मंगळवारवालीची चूल

मोगराबाईला राग आला की ती बोलत नाही, भांडी घासायला घेते. घासलेली असली तरी पुन्हा घासते. त्या मंगळवारी बाजार भरायच्या आधीच ती कढई घासताना दिसली, तेव्हा मी मुकाट्यानं माझी बांगड्यांची पेटी तिच्यापासून हातभर लांब सरकवली.

मी छबूबाई, धानोऱ्याची. कटलरी विकते, म्हणजे बांगड्या, टिकल्या, पिना, कंगवे, आरसे. नवापूरच्या पुढं, गुजरातची हद्द लागते तिथं उंबरफाट्यावर आठवड्यातून दोनदा बाजार भरतो. मंगळवारी आपल्या बाजूची गावं येतात, शनिवारी पलीकडची. मैदान तेच, उंबराचं झाड तेच, पाण्याची टाकीही तीच. माणसं मात्र वेगळी. मंगळवारचा माणूस शनिवारी सहसा फिरकत नाही आणि शनिवारचा मंगळवारी. दोन्ही दिवस बसणारे आम्ही मोजकेच, त्यामुळे ही हकिगत मला दोन्ही अंगांनी ठाऊक आहे. आणि मी ती कुणाची बाजू न घेता सांगणार आहे, असं काही नाही. मोगराबाई माझी शेजारीण. बाजू तिचीच घेणार. तरी तिला शिव्या द्यायच्या तिथं देईनच.

मोगराबाई अंगानं दणकट, उंच, कपाळावर लहानपणीचं हिरवं गोंदण. डोंगराकडच्या पाड्यावरून येते. घराणं ख्रिस्ती, रविवारची प्रार्थना कधी चुकवत नाही. डोक्यावर टोपली आणि टोपलीवर पालथी कढई घालून चालायला लागली की रस्त्यावरची माणसं आपसूक बाजूला होतात. उकाई धरणाच्या पाण्यातला मासा ती पहाटे घेते. लसूण, आपल्याकडची लाल मिरची, मीठ आणि तांदळाचं पीठ लावून तळते आणि सोबत नागलीची भाकरी देते. बस्स, एवढंच. पण मंगळवारी उंबरफाट्यावर उतरलेला माणूस बाजार करायच्या आधी तिच्या चुलीपुढं उकिडवा बसणार, हे ठरलेलं. 'मोगराबाईचा मासा' म्हणतात त्याला. मासा उकाईचा, पण नाव तिचं.

ती चूल तिनं स्वतः घातलेली. पाड्यावरून वारुळाची माती आणली, भाताचा तूस मिसळून ती तुडवली, आणि उंबराच्या बुंध्याशी एकतोंडी, ठेंगणी चूल उभी केली. कढई बसते ते तीन उंचवटे आपल्या कढईच्या मापानं दाबले. ओल्या मातीत तोंडाशी बोटानं एक छोटा क्रूस काढला. शेजारी बसायला पाड्यावरचा एक चपटा दगड आणून ठेवला. पाऊस लागू नये म्हणून वर पत्रा झाकून जाते.

आता तुम्ही म्हणाल, बाजारातल्या मातीच्या चुलीचं एवढं काय? तर सांगते. घरी तिला चूल राहिलेली नाही. तिचा मुलगा जोसेफ नवापुरात टेम्पो चालवतो. त्याचं लग्न झालं, सून एस्तेर आली. चांगली पोरगी आहे, शिकलेली, कामाला वाघीण. तिनं गॅस आणला, जोसेफनं फरशी बसवली, आणि फरशी बसवताना मोगराबाईची जुनी चूल फोडून बाहेर टाकली. कुणी वाईट बुद्धीनं केलं नाही. उलट एस्तेर म्हणाली, "आई, आता धुरात बसू नका, आयतं जेवा." मोगराबाई आयतं जेवते. आणि पोरगा ताटावर बसून "एस्तेर, काय भाजी केलीय गं!" असं म्हणाला की तिच्या घशाखाली घास उतरत नाही. हे तिनं मला स्वतः सांगितलंय, कढई घासत. तेव्हा उभ्या जगात तिच्या हाताची, तिच्या मालकीची आग उरली होती ती उंबराखाली. तेवढीच.

आणि त्या मंगळवारी त्या आगीला दुसऱ्या कुणाचा हात लागला होता.

"कोनी हात लावा मन्ही चूलले?" ती कढईवर राख घासत म्हणाली.

चुलीत राख होती आणि ती मोगराबाईची नव्हती. मोगराबाई राख काढून नेते. वरचे तीन उंचवटे कुणीतरी ओली माती लावून लांब-लांब सरकवले होते, मोठी कढई बसावी म्हणून. मोगराबाईची कढई त्यावर ठेवली तर हिंदकळायची. पहिल्याच घाण्याला तेल सांडून जाळ झाला.

मला ठाऊक होतं कोण ते. शनिवारच्या बाजारात पलीकडच्या गावाहून एक नवी बाई येऊ लागली होती, रमिलाबाई. तीही मासाच तळायची. चूल आयती दिसली, बसली बिचारी. बाजारातल्या जागेवर कुणाचं नाव थोडंच लिहिलेलं असतं? पण मी एवढंच म्हणाले, "शनवारले कोनी तरी बठस आठे."

"बठू दे. पन मन्ही चूल कसाले मोडस ती?"

तिनं उंचवटे पुन्हा आपल्या मापाचे केले. पुढच्या मंगळवारी आली तर ते परत लांब. पुन्हा जवळ केले, पुन्हा लांब. कितीतरी आठवडे ही मातीची मारामारी चालली. एकीनं दाबायचं, दुसरीनं ताणायचं, आणि दोघींनी एकमेकींचं तोंडही पाहिलेलं नाही. मला दोन्ही दिवशी धंदा करायचा होता, म्हणून मी मूग गिळून बसले. रमिलाबाईही विचारायची, "कोन शे ती मंगळवारवाली?" मी म्हणायची, "शे एक."

माती परवडली, पण आमशा नावाचा एक म्हातारा आहे, त्यानं घात केला. त्याची एक लेक इकडे दिलेली, एक तिकडे. त्यामुळे तो दोन्ही बाजार करतो आणि दोन्हीकडं मासा खातो. जिभेला हाड नाही. एका मंगळवारी मोगराबाईच्या पुढ्यात बसून, तिचाच मासा चघळत तो म्हणाला, "मोगरा, खोटं नही सांगस. ती शनवारवालीना मासा खाऊन दख एकदाव. कुरकुरीत! काय हात शे बाईना!"

मोगराबाईनं त्याच्या पुढचं पान उचललं. मासा अर्धा राहिला होता.

"खातो ना मी आजून," आमशा म्हणाला.

"शनवारले खाय."

त्यानं मोबाइल काढून त्या बाईचा फोटो दाखवायला घेतला, तर हिनं मान फिरवली. फोटो पाहिला नाही, पण त्या दिवसापासून तिला दुसरं काही दिसेनासं झालं. गिऱ्हाईक भाव विचारायचं आणि ही मला विचारायची, "तिनाकडे गर्दी कितली ऱ्हास?" मी म्हणायची, आपल्याइतकी नाही. "आन भाकर कशानी करस?" तांदळाची. "तांदूळनी!" असं ती म्हणायची, जणू त्या बाईनं सोन्याची भाकरी केली. सवत घरात आली तरी बाई एवढी पोखरत नसेल. सवतीला निदान झिंज्या धरून बडवता येतं.

मग व्हायचं तेच झालं. संध्याकाळी निघताना मोगराबाईनं चुलीत हंडाभर पाणी ओतलं. शनिवारी रमिलाबाईची चूल पेटता पेटेना, सगळा बाजार धुरानं भरला. ती गप्प बसणारी नव्हती. तिनं जाताना चुलीच्या पोटात माशांची खवलं आणि आतडी भरून वर राख दाबली. मंगळवारपर्यंत ती अशी कुजली की गिऱ्हाईक नाकाला पदर लावून लांबूनच वळलं. मोगराबाईनं त्याला उत्तर म्हणून राखेखाली मिरचीचं बी पुरलं. शनिवारी जाळ झाला आणि तो ठसका! माझ्याकडं बांगड्या भरायला बसलेली नवी नवरी हात सोडवून पळाली. रमिलाबाईचे डोळे दिवसभर वाहत होते, आणि त्या वाहत्या डोळ्यांनी घाईघाईत आवरताना ती आपली फुंकणी विसरून गेली. बांबूची होती, वापरून वापरून गुळगुळीत झालेली, टोकाला जळून काळी पडलेली.

मोगराबाईला ती मंगळवारी सापडली. तिनं ती उलटसुलट करून पाहिली, तोंडाला न लावता नुसतीच हुंगली, आणि सरळ चुलीत सारली. त्या दिवशी पहिला घाणा तिनं त्या फुंकणीच्या जाळावर तळला. "आज मासाले चव येल शे," असं म्हणून हसली. मला ते हसणं आवडलं नाही. मी तसं बोललेही. तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पुढच्या मंगळवारी तिचा बसायचा दगड जागेवर नव्हता. मागच्या नाल्यात खोलवर पडलेला, नुसता वरचा काठ दिसत होता. काढायला चार गडी लागले असते. मोगराबाई दिवसभर जमिनीवर बसली. गुडघे दुखायचे तिचे, उठताना माझा खांदा धरावा लागला. तरी सांगते, एवढ्यावर ती थांबली असती. तिचा राग असा वाफेसारखा येतो आणि जातो. पण त्याच आठवड्यात एस्तेर शनिवारच्या बाजाराला आली.

एस्तेरची मावशी पलीकडं असते, तिच्याबरोबर ती आली आणि रमिलाबाईकडं मासा खाल्ला. आवडला म्हणून पानात बांधून घरी नेला. जोसेफनं खाल्ला. घरात ही माणसं त्यांच्या बोलीत बोलतात. मला ती अर्धीमुर्धी कळते, म्हणून मोगराबाईनं सांगितलं तसं माझ्या मराठीत सांगते. जोसेफ म्हणाला, "आई, हा तर डिट्टो तुझ्यासारखा." मग बोटं चाटत म्हणाला, "उलट जरा बराच."

हे मला सांगताना तिच्या हातात कढई नव्हती. ती नुसती बसली होती, आणि मला तेच जास्त भीतीचं वाटलं.

"मन्हा घरमा गयी ती, छबू," ती म्हणाली. "मन्हा पोरना तोंडमा."

त्या मंगळवारी बाजार उठल्यावर ती चूल लिपत बसली. आधी तिची डावी भिंत थोडी फोडली, मग भरली, मग सगळीकडून गुळगुळीत हात फिरवला. मला वाटलं, राग गेला, जागा साफ करून देतेय. तिनं भिंतीत काय घातलं ते मला शनिवारी कळलं, पण तुम्हांला आत्ताच सांगते. तिनं रंगावली नदीच्या पात्रातले पाणी प्यालेले गोटे घातले होते. आमच्याकडं पोरीला चूल घालायला शिकवतात तेव्हा पहिलं हेच सांगतात, की नदीचा गोटा चुलीला लावू नकोस. त्याच्या पोटात पाणी असतं. तापला की फुटतो आणि कपच्या उडतात. मोगराबाईच्या आईच्या गालावर अशाच कपचीचा व्रण होता, डोळ्याच्या अगदी खाली. हे हिला जन्मापासून माहीत. तिनं माहीत असून घातले.

तिचं म्हणणं एवढंच होतं की फट् आवाज होईल, गिऱ्हाईक पळेल, चूल फुटेल आणि बाई पुन्हा त्या चुलीवर बसणार नाही. दगड नाल्यात टाकतेस काय, घे आता दगड. आपल्याला हवं तेवढंच घडेल असं रागावलेल्या माणसाला नेहमी वाटतं.

आणि ते घडताना पाहायला ती शनिवारी स्वतः आली.

मी पेटी मांडत होते. डोक्यावरून पदर ओढून घेतलेली उंच बाई उंबराकडं चालत येताना दिसली. चालीवरून ओळखली. हाक मारणार, तेवढ्यात तिनं हातानंच गप्प बस म्हणून खूण केली आणि गिऱ्हाइकांच्या ओळीत जाऊन बसली. आमशा पलीकडंच माशाची वाट बघत बसला होता, त्याचंही लक्ष नव्हतं. रमिलाबाईनं नुकताच जाळ लावला होता.

मोगराबाई इतके दिवस जिच्यावर जळत होती ती बाई तिनं पहिल्यांदा पाहिली. बाई कसली, काटकुळी चिमणी! पिकलेली बारीकशी वेणी, हातात माझ्याकडूनच भरलेल्या हिरव्या बांगड्या. मोगराबाईच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसलं, तिला मोठी, माजलेली कुणीतरी हवी होती.

"बेस ना बेन," रमिलाबाई म्हणाली. "पहिला घाणा निघी ऱ्हायना. लांबथून उनी ना तू?" आणि पळसाच्या पानावर पहिला तुकडा तिनं तिच्याच पुढं ठेवला.

मोगराबाईनं तुकडा तोंडात घातला. मी तिचं तोंड पाहत होते. आधी ती चावायचं थांबली. मग सावकाश चावलं. गिळलं. दुसरा घास घेतला. खाणारी बाई स्वतः मासा तळणारी, तिला कोण फसवणार? पिठात ओवा होता, आणि जाळ पसरट असल्यामुळं मासा सगळीकडून सारखा तळला गेला होता. आमशा खरं बोलला होता. पोरगाही खरं बोलला होता. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आयुष्यात पुन्हा पाहू नये.

एवढ्यात जाळ मंदावला. रमिलाबाईनं पदर खोचला, दोन्ही तळवे जमिनीला टेकले आणि गाल जवळजवळ मातीला लावून चुलीत फुंकर घातली. तोंड अगदी डाव्या भिंतीशी.

"फुंकणी नही का तुले?" मोगराबाईनं विचारलं. आवाज तिचा वाटत नव्हता.

"व्हती ना. मन्हा बापनी करी देयेल. कोनी तरी लई गयं." ती पुन्हा वाकली. "तवयपाईन आशीच फुकस."

तेव्हा चुलीतून बारीक आवाज आला, टक्. नख मोडल्याएवढा. बाजाराच्या गलक्यात तो कुणाला ऐकू येणार? ज्याला माहीत होतं त्यालाच आला.

मोगराबाईनं पान फेकलं, झेप घेतली आणि रमिलाबाईचा दंड धरून तिला मागं खेचलं. काटकुळी बाई फरफटत माझ्या पेटीपर्यंत आली. खेचताना धक्का लागून कढई कलंडली आणि उकळतं तेल मोगराबाईच्या पायावर आलं. ती किंचाळली. लोक ओरडले, "मारी ऱ्हायनी, मारी ऱ्हायनी तिले!" कुणीतरी तिला धरायलाही धावलं. आणि मग फट्! चुलीची डावी भिंत फुटली, निखारे उडाले, आणि कपची सणसणत येऊन माझ्या आरशावर आदळली. आरसा तडकला. क्षणभरापूर्वी रमिलाबाईचं तोंड होतं त्या जागी मातीला भगदाड पडलं होतं.

मग एकदम कालवा झाला. म्हातारी माणसं हात जोडायला लागली, देवानंच धाडली हिला म्हणाली. आमशा तर रडायलाच लागला. "मोगरा! आमनी मोगरा शे ही!" ज्या बाईनं गोटे पुरले तिचा जयजयकार चाललेला, आणि ती भाजलेला पाय धरून बसलेली, मान खाली.

रमिलाबाई त्या गलक्यात नव्हती. तिनं आपल्या हंड्यातलं पाणी मोगराबाईच्या पायावर ओतायला घेतलं होतं, हळूहळू, संबंध हंडा. ओततानाच तिची नजर चुलीकडं गेली. भगदाडात अर्धा फुटलेला गोटा दिसत होता, गोल, नदीचा. तिनं तो उचलला, बोटानं चाचपला. तीही चूल घालणारी बाई, तिला सांगायला लागत नव्हतं. तिनं मोगराबाईकडं पाहिलं. मोगराबाईच्या नखांत वारुळाची माती होती का, हे मी सांगू शकत नाही, पण रमिलाबाई तिच्या नखांकडंच पाहत होती.

"मंगळवारले बठस ती तू?" तिनं अगदी हळू विचारलं.

मोगराबाईनं होय म्हणून मान हलवली.

"पन मोगरा, तुले कसं समजनं व फुटी म्हणून?" आमशानं मोठ्यानं विचारलं. सगळे ऐकायला वळले. मोगराबाईनं तोंड उघडलं. ती सांगणार होती, मला खात्री आहे.

तेवढ्यात रमिलाबाई म्हणाली, "तिनी आवाज ऐका. मन्हं ध्यान नव्हतं." आणि गोटा पदरात बांधला.

मी मोगराबाईला खांद्याला धरून जीपपर्यंत नेलं. जीपमध्ये बसल्यावर तिचा बांध फुटला. "ती बोलनी का नही, छबू? मी ऱ्हाती तं सगळा बाजारले बोंबलीसन सांगती. तिनी माले शिवी बी दिधी नही!" ती हुंदके देत होती, पाय सुजत होता. मी म्हटलं, जाऊ दे, झालं गेलं. ती उसळली, "कसं जाऊ दे? आन मासा! मासा बी तिनाच चांगला शे!"

होताच चांगला.

मंगळवारी ती येणार नाही असं वाटलं होतं. पण आली. पायाला फडकं, एका हाताला एस्तेर, आणि काखेत चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांब. पत्रा काढला आणि दोघी उभ्याच राहिल्या.

चूल नवी होती. भिंती सरळ, तोंड पुसल्यासारखं स्वच्छ, लिपण असं की कुठं बोट उमटलेलं नाही. वरचे तीन उंचवटे जवळ-जवळ, मोगराबाईच्या कढईच्या मापाचे. मागं कौलाचे तीन तुकडे रचून ठेवलेले. मोठी कढई ठेवायची तेव्हा ते उंचवट्यांवर घालायचे, की झालं. तिचा चपटा दगड नाल्यातून वर येऊन धुतलेल्या अंगानं जागेवर बसला होता. किती गडी लावले त्या काटकुळीनं, कोण जाणे. आणि दगडाच्या कडेला रंगावलीचे उरलेले गोटे ओळीनं मांडलेले, स्वच्छ, कोरडे. कुणाला काही कळणार नाही, आणि जिला कळायचं तिला सगळं कळेल, असे.

मोगराबाईनं पदराच्या टोकानं डोळे पुसले. मग ती वाकली आणि लिपणावरून तळवा फिरवला, चुलीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, कुठं उंचसखल लागतंय का ते बघत. काही लागलं नाही. कौलाचे तुकडे बसवून पाहिले. चपखल बसले.

"हे माले का नही सुचनं?" ती दात खाऊन म्हणाली. एस्तेर हसली, तर तिच्याकडं असं पाहिलं की पोर पाणी आणायला पळाली.

मग ती चुलीच्या तोंडाशी आली आणि एकदम ओरडली, "छबू! आठे ये! दख!"

मी धावत गेले. मला वाटलं विंचूबिंचू निघाला. ती बोटानं दाखवत होती. तोंडाशी, ती स्वतः काढायची त्याच जागी, रमिलाबाईनं क्रूस काढला होता. कधी काढला नसावा तिनं, आठवून आठवून काढलेला. आडवी रेघ एका बाजूला घसरलेली.

"वाकडा शे!" मोगराबाई म्हणाली. त्या सगळ्या दिवसांत मी तिला इतकं खूश पाहिलं नव्हतं. "क्रूस येत नही तिले! दखं का? वाकडा शे!"

त्या दिवशी धंदा चांगला झाला. ओवा घातला नाही तिनं, तेवढा मान राखला स्वतःचा. संध्याकाळी राख काढली, चूल पुसली, आणि चादरीतली वस्तू बाहेर काढली. बांबूची नवी फुंकणी. काचेनं खरडून गुळगुळीत केलेली, टोकाशी बारीक नक्षी. पण लांब! माझ्या खांद्याला लागेल एवढी.

"इतली लांब कसाले व?" मी विचारलं. "फुकता फुकता मरी जाई ती."

"लांब ऱ्हायनी म्हंजे तोंड दूर ऱ्हास," ती म्हणाली, आणि फुंकणी चुलीवर आडवी ठेवून तिनं पत्रा झाकला.

तेव्हापासून दोघी आपापल्या दिवशी त्याच चुलीवर मासा तळतात. भेट एकदाही नाही. मोगराबाई अजूनही मला विचारते, तिच्याकडं गर्दी किती होती. मी अजूनही सांगते, आपल्याइतकी नाही. पावसाळ्यात माती सुटते तेव्हा मोगराबाई सगळी चूल लिपते, भिंती, उंचवटे, तळ. क्रूसाभोवतीची जागा मात्र बोट वळवून सोडून देते. मी एकदा म्हटलं, एवढं सगळं करतेस तर तो सरळ करून टाक की.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तिनं येक तरी वाकडं ऱ्हाऊ दे ना बाजारमा."